डोळ्यांपुढून हलत नाही…

दवाखान्यातली एक साधी खोली. दोन खुर्च्या जवळजवळ समोरासमोर, पण जरा बाजूला सरकवून ठेवलेल्या. एका खुर्चीवर पेशंट, दुसरीवर मानसोपचार करणाऱ्या बाई. बाई आपली दोन बोटे पेशंटच्या चेहऱ्यासमोर फूटभर अंतरावर धरतात आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी लयीत फिरवू लागतात. पेशंटने मान हलवायची नाही. डोळ्यांनी बोटांचा पाठलाग करायचा आणि त्याच वेळी आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण मनात धरून ठेवायचा. अशा वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की बोटे थांबतात. ‘श्वास घ्या. आता काय जाणवतंय?’ पेशंट दोन शब्द बोलतो. बोटे पुन्हा फिरू लागतात.

आपल्याकडच्या एखाद्या आजीने दारातून हे पाहिले तर ती म्हणेल, ‘दृष्ट काढताहेत वाटतं! मग मीठ-मोहऱ्या कुठं आहेत?’ आजीला हसू नये. जगातल्या नामवंत मानसशास्त्रज्ञांनाही या प्रकाराबद्दल पुष्कळशी अशीच शंका आली होती, आणि त्यांनी ती आजीपेक्षा कितीतरी कडक शब्दांत बोलून दाखवली होती. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मानसिक आघातावरच्या उपचारांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत शिफारस केलेल्या मोजक्या उपचारांमध्ये हा बोटे फिरवण्याचा उपचार आहे. त्याचे पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? सगळे त्याला ईएमडीआर म्हणतात.

तो समजून घेण्याआधी तो ज्या दुखण्यावर आहे ते दुखणे समजून घेतले पाहिजे. मराठीत आपण सहज बोलून जातो, ‘ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही.’ बहुतेकांच्या बाबतीत ते दृश्य हलते. काही आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, मग हळूहळू दिवसांच्या रहाटगाडग्यात ते मागे पडते. पण काहींच्या बाबतीत ते खरोखरच हलत नाही. समजा, घाटात बस कोसळली आणि त्यातून एक माणूस वाचला. जखमा भरल्या, प्लास्टर निघाले, तो कामावर रुजू झाला. पण सहा महिन्यांनीही डिझेलचा वास आला की त्याचे हातपाय गार पडतात. रात्री तीच बस, तेच वळण. रस्त्याने तो चार किलोमीटरचा वळसा घालून जातो, पण एसटी स्टँडवरून जात नाही. बायकामुलांवर खेकसतो, दार आपटले तरी दचकतो. त्याला विचारले तर तो म्हणेल, मला ते ‘आठवत’ नाही, ते पुन्हा ‘घडतं’. या दुखण्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० साली आले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दुरवस्था हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

अशा माणसाला घरचे, शेजारचे, कचेरीतले सगळे एकच सल्ला देतात. ‘झालं गेलं विसरून जा.’ सल्ला प्रेमाचा असतो, पण लागू पडत नाही.

हे काही आज कळलेले नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले, अंगावर जखम नसलेले पण हादरलेले ब्रिटिश अधिकारी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ठेवले जात. तेथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. हे गृहस्थ मानववंशशास्त्रज्ञही होते. युद्धापूर्वी निलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला होता आणि त्यावर १९०६ साली ग्रंथ लिहिला होता. रिव्हर्सच्या ध्यानात आले की, त्यांच्या पेशंटांना आधीच्या डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी तोच सल्ला दिला होता. युद्धाचा विचार करू नका, मन दुसरीकडे रमवा. आणि जितका विचार दिवसा दाबावा, तितका तो रात्री उसळून येत होता.

त्यांनी सांगितलेली एक हकीकत अशी. एक अधिकारी आपल्या सहकाऱ्याला शोधायला गेला आणि त्याला त्याच्या देहाचे विखुरलेले तुकडे दिसले. रोज स्वप्नात तेच. रिव्हर्सनी त्याला विसरायला सांगितले नाही. त्या दृश्याकडे पुन्हा बघायला लावून त्यातली एक गोष्ट दाखवून दिली. देहाची ती अवस्था पाहता तुमचा मित्र क्षणात गेला असणार, त्याला यातना झाल्या नसणार. काही रात्री स्वप्न पडलेच नाही. मग एकदा पडले, त्यात तो मित्राजवळ गुडघे टेकून बसला होता आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढून घेत होता. जाग आली तेव्हा दुःख होते, दहशत नव्हती. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीत मात्र रिव्हर्सना असा कोणताही आधार सापडला नाही, आणि त्याला बरे करता आले नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

म्हणजे आठवण पुसायची नाही, तिच्याकडे सुरक्षित ठिकाणी बसून पुन्हा पाहायचे. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे यांनी भीतीला पायरीपायरीने सामोरे नेण्याची पद्धत बसवली, अमेरिकेत एडना फोआ यांनी आघाताची आठवण पुनःपुन्हा तपशिलात सांगायला लावणारा उपचार सिद्ध केला. या उपचारांनी हजारो लोकांना गुण आला. अडचण एवढीच की ते सोसायला धैर्य लागते, आणि अनेक जण अर्ध्यातून सोडून जातात.

अशा वेळी कॅलिफोर्नियात एक बाई बागेत फिरायला गेल्या. फ्रान्सिन शापिरो त्यांचे नाव. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या. टॉमस हार्डीच्या कवितेवर डॉक्टरेटचा अभ्यास चालू असताना १९७९ साली कर्करोगाचे निदान झाले आणि आयुष्याची गाडी मानसशास्त्राकडे वळली. १९८७ सालच्या त्या फेरफटक्यात त्यांच्या लक्षात आले की, मनाला टोचणारे काही विचार आपोआप बोथट झाले, आणि ते होत असताना आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलत होते. मग त्यांनी मुद्दाम डोळे हलवून पाहिले, मित्रमैत्रिणींवर प्रयोग केले, आणि १९८९ साली २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणी व्हिएतनामचे सैनिक, कोणी बलात्काराच्या किंवा लहानपणीच्या अत्याचाराच्या बळी. एकाच बैठकीत त्यांचा त्रास जवळजवळ नाहीसा झाला, असा दावा.

एकाच बैठकीत! आपल्याकडे रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेला वैद्यसुद्धा निदान तीन पुड्या देतो. शिवाय उपचार करणाऱ्या बाई आणि निकाल मोजणाऱ्या बाई एकच. त्या बागेतल्या गोष्टीवरही आक्षेप आला. आपले स्वतःचे डोळे झपझप हलत आहेत हे माणसाला जाणवतच नाही, मग शापिरोंना ते कसे जाणवले, असा प्रश्न एका मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली विचारला. प्रश्न रास्त होता.

पण पद्धत वणव्यासारखी पसरली. शापिरोंनी तिला आठ टप्प्यांची चौकट दिली. पहिल्या भेटीत बोटे फिरवणे नसतेच. आधी माणसाची सगळी हकीकत, मग मन अस्वस्थ झाले तर स्वतःला सावरायचे कसे याचा सराव. मग त्या प्रसंगातले सर्वांत बोचणारे चित्र निवडायचे. त्या चित्राबरोबर स्वतःविषयी कोणते वाक्य मनात येते ते शोधायचे. बहुतेकदा ते भयंकर असते. ‘चूक माझीच’, ‘मी काहीच करू शकले नाही’, ‘मी अजून धोक्यात आहे’. त्याऐवजी कोणते वाक्य खरे वाटायला हवे तेही ठरवायचे. त्रास ० ते १० मध्ये किती, शरीरात कुठे जाणवतो, छातीत की पोटात की घशात, हे सांगायचे. आणि मग बोटे. दर फेरीनंतर मन जिकडे नेईल तिकडे जायचे. बसच्या चित्रावरून एकदम वडिलांच्या आजारपणात, तिथून शाळेत. आकडा खाली येत येत ०-१ वर स्थिरावला की चांगले वाक्य त्या जागी रुजवायचे. एखाद्याच प्रसंगाचा आघात असेल तर काही थोड्या बैठका पुरतात. बालपण वर्षानुवर्षे अत्याचारात गेले असेल तर काम लांबते.

आता भांडण. १९९९ साली हार्वर्डचे रिचर्ड मॅक्नॅली यांनी एक निबंध लिहिला आणि ईएमडीआरची तुलना थेट मेस्मरशी केली. हा मेस्मर अठराव्या शतकातला डॉक्टर. व्हिएन्ना सोडून पॅरिसला आला आणि माणसांच्या अंगातले ‘चुंबकीय द्रव्य’ हात फिरवून ताळ्यावर आणतो असे सांगून त्याने अख्खे शहर वेडे केले. लोक थरथरत, मूर्च्छित पडत आणि बरेही होत. सोळाव्या लुईने १७८४ साली चौकशीसाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली, तिच्यात रसायनशास्त्राचा जनक लाव्हॉझिए होता आणि त्या वेळी पॅरिसला असलेला बेंजामिन फ्रँकलिन होता. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडात ‘चुंबकत्व’ भरले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणले आणि एकेका झाडाशी नेले. मुलगा चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. ते झाड साधे होते, भारलेले झाड बऱ्याच अंतरावर उभे होते. समितीने निकाल दिला की चुंबकीय द्रव्य नाही, जे आहे ते कल्पनाशक्तीचे सामर्थ्य. लोक बरे वाटून घेतात हे समितीने नाकारले नव्हते, का बरे वाटते याचे मेस्मरने दिलेले कारण नाकारले.

मॅक्नॅलींचे म्हणणे तेच. ईएमडीआरने गुण येतो, पण तो त्यातल्या जुन्या भागाने, आठवणीला सामोरे जाण्याने येतो. नवा भाग म्हणजे डोळे हलवणे, ते केवळ सजावट आहे. पुरावाही होता. १९९६ साली रॉजर पिटमन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनामच्या १७ माजी सैनिकांना आलटून पालटून दोन्ही प्रकार दिले होते, एकदा डोळे हलवून आणि एकदा डोळे स्थिर ठेवून. डोळे हलवल्याने काही जास्त फायदा दिसला नाही. २००१ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, निष्कर्ष तोच. त्यात एखाद्या अभ्यासात ईएमडीआर फसले की समर्थक म्हणत, उपचार करणाऱ्याचे प्रशिक्षण पुरे झाले नव्हते. या युक्तिवादाला अंत नसतो. एव्हाना शापिरोंच्या अनुयायांनी बोटांऐवजी कानात आळीपाळीने वाजणारे आवाज, हातांवर आळीपाळीने टिचक्या हेही सुरू केले होते. मग नावात डोळे कशाला, असे कोणी विचारले तर काय सांगणार? खुद्द शापिरोंनीही पुढे म्हटले की, पुन्हा नाव ठेवायचे झाले तर आपण ‘डोळ्यांची हालचाल’ त्यातून गाळू.

एवढ्यावर हे प्रकरण संपले असते तर सोपे झाले असते. पण शास्त्रात गंमत असते. ज्यांना डोळ्यांच्या जादूवर विश्वास नव्हता अशाच काही लोकांनी प्रयोगशाळेत डोळ्यांची बाजू पुन्हा उभी केली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात मार्सेल फान डेन हाउट आणि इरिस एंगेलहार्ड यांनी मांडलेला विचार आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. मनाच्या समोरची ओसरी लहान असते. एका वेळी तिथे फार पाहुणे मावत नाहीत. आठवण जागी केली की ती ओसरीवर येऊन बसते. त्याच वेळी डोळ्यांना बोटांमागे धावायला लावले तर तीही जागा अडवते. मग आठवणीला पाय पसरायला जागा उरत नाही. ती फिकट, धूसर, कमी बोचरी होते आणि पुन्हा मनाच्या कोठारात जाताना त्याच फिक्या रूपात ठेवली जाते.

या विचाराची परीक्षा घेता येते, हे त्याचे बलस्थान. आठवताना उलटे आकडे मोजले तरी आठवण फिकी पडते. सुखाची आठवण धरून डोळे हलवले तर तीही फिकी पडते! नुसते आवाज ऐकवले, म्हणजे मनाला फारसे श्रम दिले नाहीत, तर परिणाम कमी होतो. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स यांनी २००९ साली लोकांना क्लेशदायक फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्ये कमी वेळा डोळ्यांपुढे आली. २०१३ साली ख्रिस्तोफर ली आणि पिम कॉयपर्स यांनी सगळे अभ्यास पुन्हा एकत्र केले, तेव्हा डोळ्यांच्या हालचालीचा स्वतःचा असा हिस्सा दिसून आला. आणि २०१९ साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा प्रयोग छापला. आवाजाला भ्यायला शिकवलेल्या उंदरांची भीती घालवताना त्यांच्यासमोर प्रकाश डावीकडून उजवीकडे फिरवला तर भीती लवकर ओसरली आणि सहज परतली नाही. मेंदूतल्या कोणत्या वाटेने हे घडते तेही त्यांनी दाखवले. उंदीर काही उपचारकर्त्याच्या शब्दाला भुलत नाहीत, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. वाद मात्र अजून मिटलेला नाही.

येथे थोडे विषयांतर, आणि ते शास्त्र म्हणून घेऊ नये. जात्यावर बसलेल्या आपल्या बायका सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल हे सगळे दळता दळता गात. हात फिरते, शरीर लयीत, आणि तोंडी ते, जे एरवी बोलायची सोय नव्हती. त्यातून मन हलके होत असे याला पुरावा म्हणून माझ्याकडे त्या ओव्यांच्या राशीखेरीज काही नाही. पण उट्रेख्तचे प्रयोग वाचताना जात्याची घरघर मला ऐकू आली खरी.

‘एरवी बोलायची सोय नव्हती’ ही गोष्ट इथे कळीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या उपचाराचे वेगळेपण सांगताना नेमके हेच नोंदवले आहे. घडलेला प्रसंग तपशीलवार सांगावा लागत नाही, घरी करायचा गृहपाठ नसतो. चित्र मनात धरायचे, ते शब्दांत मांडलेच पाहिजे असे नाही. ज्या घरांत काकाचे, शेजाऱ्याचे, मास्तरांचे नाव आयुष्यभर ओठांवर येऊ शकत नाही, तिथल्या मुलीला हे केवढे मोठे दार आहे! बोटांपेक्षा, डोळ्यांपेक्षा मला या उपचारातले हे मोल अधिक वाटते. नाव न घेता, वर्णन न करता, पण एकटीनेही नव्हे, दुसऱ्या माणसाच्या सोबतीत त्या आठवणीकडे बघता येते.

मुलांसाठी तर त्याचे एक गोड रूप आहे. मेक्सिकोतल्या अकापुल्कोला १९९७ साली पॉलिन नावाच्या चक्रीवादळाने झोडपले. तिथल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी हात छातीवर कैचीसारखे ठेवून आपल्याच खांद्याजवळ आळीपाळीने थोपटायला शिकवले. याला नाव पडले फुलपाखराची मिठी. २०२१ साली ब्रिटनच्या राजपुत्र हॅरीने टीव्हीवरच्या माहितीपटात स्वतःवरचा उपचार दाखवला, तेव्हा जगाने हेच थोपटणे पाहिले.

आपल्या देशात २००१ च्या भूज भूकंपानंतर या पद्धतीचे प्रशिक्षण देणारे लोक आले आणि मग मुंबईसह इतरत्र तिचा प्रसार झाला. आज मोठ्या शहरांत ती करणारे मानसतज्ज्ञ भेटतात. पण इथे सावध राहावे. पाटीवर नैराश्य, व्यसन, स्थूलपणा, परीक्षेची भीती, संसारातले कलह अशी सगळी यादी असेल आणि सगळ्यावर एकच उपाय ईएमडीआर, तर पायऱ्या उतराव्यात. कॉयपर्स यांनीच २०२० साली ७६ चाचण्यांचा आढावा घेतला. आघाताच्या विकारावर उपयोग दिसतो, पण चाचण्यांचा दर्जा बरा नाही. इतर विकारांसाठी पुरावा अपुरा, असे त्यांनी लिहिले आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही या उपचाराला जागा आहे ती युद्धाखेरीजच्या आघातासाठी.

आणि फोनवर फिरता ठिपका दाखवणारी चलचित्रे लावून घरच्या घरी हे करू नये. ठिपका निरुपद्रवी असतो, आठवण नसते. बंद पेटी एकट्याने मध्यरात्री उघडली आणि बंद करता आली नाही तर काय, यासाठीच तर पहिल्या भेटी सावरायला शिकवण्यात जातात. काही पेशंट उपचारांच्या मध्येच भान हरपल्यासारखे होतात. तेव्हा समोर जाणकार माणूस हवा. उपचार घेणाऱ्याने तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. आपण मनोविकारतज्ज्ञ आहात की चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ? या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले? याने फरक पडला नाही तर दुसरा कोणता उपचार देता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथे थांबू नये. आठवणीला सामोरे नेणारे जुने उपचारही तितकेच भरवशाचे आहेत. शहरापासून दूर राहणाऱ्यांनी, कोणाकडे जावे हेच कळत नसणाऱ्यांनी सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. २०२२ पासून ती सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

शापिरोबाई २०१९ साली गेल्या. बरे झालेल्या पेशंटांना विचारले तर ते प्रसंग विसरल्याचे सांगत नाहीत. बस आठवते, वळण आठवते, किंकाळीही आठवते. पण ते सांगतात की चित्र आता लांब गेलंय, रस्त्याच्या पलीकडे कोणाच्या तरी घरात टीव्ही चालू असावा तसं. आणि एसटी स्टँडवरून जाता येतं.